पेवाच्या तोंडावर

कंदील आठ-दहा हात खाली गेला आणि विझला.

मला वाटलं, माझ्याच हाताला हिसका बसला असेल. दोरी भराभर वर ओढली, काच उचलली, काडी ओढली. तीन काड्या मोडल्या, चौथी पेटली. वात नीट वर केली आणि पुन्हा सोडला. ह्या वेळी मी डोळे फाडून बघत होते. ज्योत आधी बारीक झाली, मग वातीला चिकटली आणि गेली. त्याच जागी. आणि त्याच्या खाली अंधारात, हळदीच्या ढिगावर, माझा नाना पडला होता.

पेव म्हणजे काय ते आता नव्या पोरांना सांगावं लागतं. सांगलीकडं आमच्या गावाला नदीकाठची माती अशी घट्ट की तिच्यात वीस-वीस हात खोल खड्डा खणून हळद साठवायची. आत रांजणासारखं पोट, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. आतून पाला-पाचट लावायचं, हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्ष-दोन वर्षं हळदीला कीड शिवत नाही, कारण आत किड्याला श्वास घ्यायला काही नसतं. किड्याला नसतं तसं माणसालाही नसतं. म्हणून तोंड उघडलं की चार तास नुसतं उघडं टाकायचं आणि मग आधी दिवा सोडायचा. दिवा तळाला टिकला तर माणूस उतरणार. आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम होतं. आबा, म्हणजे माझे वडील, आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी हे शिकवायचे. म्हणायचे, दिवा विझला तर आत आपला बाप पडलेला असला तरी उतरायचं नाही.

महिपती हा आबांचा धाकटा भाऊ. त्याला आम्ही नाना म्हणायचो. वय चोवीस, लग्नाला दीड वर्ष झालेलं, अंगानं दांडगा आणि तोंडानं त्याहून दांडगा. मला म्हणायचा, मालन, तुझ्या लग्नात तुझ्या नवऱ्याला पेवात उतरवणार, रडला तर लग्न मोडणार. मी बारा वर्षांची, सहावीत. दिवाळीची सुट्टी होती म्हणून कामावर बरोबर गेले होते. माझं काम म्हणजे कंदील सांभाळणं आणि पाणी देणं.

त्या पेवातली निम्मी हळद आदल्या दिवशी काढून झाली होती. नाना दिवसभर आत होता आणि ठणठणीत वर आला होता. पण संध्याकाळी अवकाळी पावसाचे ढग जमले, म्हणून जाताना तोंडावर फरशी टाकून वरनं चिखल लिंपला. सकाळी येऊन उघडलं. आबा हळदीच्या वजनकाट्यावर गेले, तिथं व्यापाऱ्याच्या दिवाणजीनं घाई लावली होती, कारण लॉरी कधीची येऊन उभी होती. जाताना नानाला सांगून गेले की दुपारपर्यंत थांब, दिवा सोड, मग उतर.

नाना काही थांबला नाही. मी कंदील पेटवतच होते, तर त्यानं धोतराचा काचा मारला आणि दोर धरला. मी म्हटलं, थांब की नाना, दिवा सोडू दे. हसला. म्हणाला, "काल दिसभर आत नाचलोय गं. एका रात्रीत भूत शिरलंय व्हय आत?"

आणि उतरला. चूक एवढीच. मूर्ख माणूस नव्हता तो. दहा वर्षं पेवात उतरत होता. पण निम्मं पेव रिकामं झालं म्हणजे भीती निम्मी झाली असं त्याला वाटलं, आणि हे उलटं असतं. ओल लागलेली हळद रात्रभर आतली हवा खाते आणि वाईट हवा खाली साचून राहते. भरल्या पेवात माणूस तोंडाशीच उभा असतो, निम्म्या पेवात तो त्या साचलेल्या हवेत पूर्ण बुडतो.

वरनं पोतं सोड म्हणाला. मी सोडलं. मग म्हणाला, "मालन." पुढं काहीच नाही. मी वाकून बघितलं. दोर हलत नव्हता. हाक मारली, दुसरी मारली, शिव्या घातल्या, कारण तो चेष्टा करत असेल असं मला वाटत होतं. मग कंदील सोडला. पुढचं सांगितलंच आहे.

भीती काय असते ते मी तेव्हा शिकले. मला पळायचं होतं. खरंच सांगते, पहिला विचार घरी पळायचा आला. आईच्या मागं जाऊन लपायचं आणि कुणी विचारलं तर मी तिथं नव्हतेच म्हणून सांगायचं. पण पाय उचलेनात, म्हणून मी तिथंच उभी राहून ओरडायला लागले. आबा, आबा, आबा. दुसरा शब्दच नाही.

काट्यापासून आबा धावत आले ते एकटेच. बाकीची माणसं दोन शेतं पलीकडच्या पेवावर होती, त्यांना ऐकू जाऊन यायला वेळ लागणार होता. आबांनी मला विचारलंच नाही. दोर नुसता लोंबकळलेला, पोतं खाली, कंदील विझलेला, एवढं बघूनच त्यांना कळलं. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला. डोक्याचा पटका काढून फेकला आणि दोराला हात घातला.

आणि मला कळलं की हे उतरणार.

ज्यांनी मला शिकवलं होतं तेच उतरणार. मी म्हटलं, "आबा, दिवा इझालाय. दोनदा सोडला, दोनदा इझाला." ते ऐकत नव्हते. त्यांचे डोळे माझ्याकडं होते, पण मी त्यांना दिसतच नव्हते. म्हणाले, बाजूला हो. कमरेला दोर बांधून उतरायचं म्हटलं तरी वर ओढायला कोण होतं? मी होते. बारा वर्षांची पोर, भरलेली कळशी दोनदा टेकवत आणणारी.

मग मी जे केलं ते काही ठरवून केलं नाही. मी पेवाच्या तोंडात बसले. कडेवर नाही, तोंडात. पाठ एका बाजूला टेकवली, गुडघे दुसऱ्या बाजूला रोवले आणि बूच बसावं तशी गच्च बसले. खाली पाय लोंबकळत होते. खालून गार ओला वास येत होता आणि वाटत होतं आता कुणीतरी पायाला धरून ओढणार. मी थोडी घसरले असते तर सरळ नानाच्या अंगावर गेले असते.

आबांनी मला ओढलं. दंडाला धरून, वेणीला धरून. एक थोबाडीत दिली, तीही अशी की डोळ्यापुढं पिवळं झालं. आयुष्यात त्यांनी माझ्यावर हात उचलला तो तेवढाच. मी सुटले नाही. एवढी ताकद कुठनं आली म्हणून लोक नंतर विचारायचे. ताकद कसली, भीतीनं हातपाय ताठले होते, सोडायचं म्हटलं असतं तरी सुटले नसते.

तेवढ्यात भाकरीची पाटी घेऊन हौसाकाकी आली. नानाची बायको. वीस वर्षांची असेल. पाटी कुठं पडली ते तिलाही कळलं नाही. धावत आली आणि माझ्या पाठीमागं गुडघ्यावर बसली. गोल तोंडाच्या कडेला माझ्या पाठीच्या बाजूला चार बोटं फट राहिली होती, तिथं तोंड लावून तिनं आत बघितलं. ओरडली नाही, रडली नाही. नुसती बसली.

आणि मला आवाज आला.

खालनं. माझ्या पायांच्या मधून वर येत होता. आधी मला वाटलं माझ्याच छातीतून येतोय. मग कळलं, नाना आहे. घरघर होती, माणूस झोपेत घोरतो तशी, पण तुटत तुटत. मध्येच काहीतरी पुटपुटल्यासारखं. नाना जिवंत होता.

आबांचे हात थांबले. त्यांना काही ऐकू आलं की माझ्या तोंडावरून कळलं, देव जाणे. ते उभे होते, आणि खालचा आवाज माझ्याच अंगानं अडला होता. खाली वाकून माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मालन. खरं सांग. आवाज येतोय का त्येचा?"

मी आबांकडं बघितलं. आवाज येतोय म्हटलं असतं तर त्यांनी माझे हात मोडून मला बाहेर काढलं असतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. आणि मग आत दोघं झाले असते. पण एवढा हिशेब मी केला असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. माझ्या मनात एकच होतं, मला माझा आबा पाहिजे. नाना नको, कुणी नको, आबा पाहिजे.

"न्हाई," मी म्हटलं. "नाना गेलाय, आबा. कवाच गेलाय."

आबा खाली बसले. उभ्या माणसाचे पाय कुणी काढून घ्यावेत तसे बसले आणि पटक्यात तोंड घालून रडायला लागले. मी पेवाच्या तोंडातच बसून होते. खाली घरघर चालू होती. किती वेळ चालली ते मला माहीत आहे, पण ते मी सांगणार नाही.

पलीकडच्या पेवावरचे लोक आले. त्यांच्यात मौलाचाचा होते, साठी उलटलेले, पेवातलं कुणाला न कळणारं त्यांना कळायचं. त्यांनी आधी मला उचलून बाहेर काढलं. माझे गुडघे सरळ होईनात. मग आतली वाईट हवा ढवळून निघावी म्हणून त्यांनी दोराला घोंगडं बांधलं आणि विहिरीत पोहरा वर-खाली करावा तसं ते आत वर-खाली करायला लावलं. दोन माणसं घामाघूम होईपर्यंत. वरनं घागरीनं पाणी शिंपडलं. पुन्हा कंदील सोडला. तो विझला. पुन्हा घोंगडं. असं करत करत शेवटी कंदील टिकला, तेव्हा एक पोरगा कमरेला दोर बांधून उतरला आणि नानाला दोर बांधून दिला. या सगळ्याला पाऊण तास लागला. मौलाचाचांनी घाई केली नाही आणि कुणाला करू दिली नाही. त्यांनी पूर्वी एका पेवात एकामागनं एक उतरलेली एकाच घरची तीन माणसं बघितली होती.

नानाच्या अंगाला सगळीकडं हळद लागली होती. कानात, पापण्यांवर. हौसाकाकीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं की आत गेल्या गेल्या संपला असणार, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. घरातल्यांना तेवढाच आधार वाटला. आजी तर येईल-जाईल त्याला तेच सांगायची, माझ्या लेकराला कळलं न्हाई बघा. मी ते ऐकत चुलीपुढं बसलेली असायचे.

आणि मग मी शूर झाले.

ते कसं झालं ते सांगते, कारण त्याचीही गंमतच आहे. मौलाचाचांनी गावात सांगितलं की ह्या पोरीनं बापाला वाचवलं. ते शाळेत गेलं. आमच्या वर्गावर गोडसेबाई होत्या, फार चांगल्या, त्यांनी माझ्यावर भाषण लिहिलं. सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभं करून मला शाल घातली, नारळ दिला, स्टीलचा डबा दिला. बाई म्हणाल्या, मालनच्या अंगी तीन गुण आहेत, प्रसंगावधान, निर्भयपणा आणि सत्य बोलण्याचं धाडस. वडिलांना तोंडावर सांगितलं की काका गेले, केवढं मोठं धाडस. सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. मला म्हणाल्या, सांग मुली, तेव्हा तुझ्या मनात काय आलं?

मी डब्याचं झाकण दाबत राहिले. निर्भय म्हणे. मी त्या पेवाच्या तोंडात बसल्या जागी मुतले होते, हे बाईंना कोण सांगणार? आणि सत्याचं तर नावच काढू नका.

आबा पुढं बत्तीस वर्षं जगले. पेवाचं काम त्यांनी त्या दिवशी सोडलं, मग लोकांच्या मळ्यात राबले, आम्हा चौघा भावंडांची लग्नं केली. माझ्याशी ते चांगलेच वागायचे, पण कधी जेवताना वर बघितलं तर ते माझ्याकडं बघत असायचे. मला वाटायचं आता विचारतील. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? माहीत नाही. हा माणूस माझ्यामुळं जिवंत आहे आणि ह्याला कळलं तर हा माझ्यामुळंच मरेल, अशा धाकात मी माहेरी यायचे आणि जायचे. चांगली दोन पोरांची आई झाले तरी तो धाक गेला नाही.

हौसाकाकी आमच्याच घरात राहिली. तिचे भाऊ दोनदा न्यायला आले. मूलबाळ नव्हतं, वय झालेलं नव्हतं, त्यांनी एक बिजवर स्थळही बघून ठेवलं होतं. ती गेली नाही. लोक म्हणाले, नवऱ्यावर जीव होता. कुणी म्हणाले, वाटणीवर डोळा आहे. ती कुणालाच उत्तर द्यायची नाही. माझ्या आईच्या बरोबरीनं तिनं ते घर ओढलं, माझ्या धाकट्या भावाची तर तीच आई होती.

आबांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पाहुणे गेले होते. आई आतल्या खोलीत पडली होती. सकाळची वेळ, काकी आणि मी पडवीत बसून आबांची धोतरं घड्या घालत होतो, कुणाकुणाला द्यायची होती म्हणून. मला वाटलं, आता सांगितलं तर मरणारं कुणी उरलं नाही.

"काकी," मी म्हटलं, "त्या दिशी मी खोटं बोलले. नाना जिता हुता. मला आवाज येत हुता."

तिनं हातातली घडी पुरी केली. "व्हय," म्हणाली.

मला वाटलं तिला कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. घरघर सांगितली, आबांनी विचारलं ते सांगितलं, मी काय म्हटलं ते सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज चढला. वाटत होतं तिनं मला मारावं, निदान उठून जावं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मीबी ऐकलं की. तुझ्या पाठीलाच तर हुते."

माझ्या हातातलं धोतर खाली पडलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, अंगणात बघत होती.

"तुला नुसती घरघर ऐकू आली आसंल. तू घाबरली हुतीस. मला नाव ऐकू आलं. हौसा म्हणला. दोन डाव म्हणला."

ती वीस वर्षांची होती. तिचा नवरा खालनं तिला हाक मारत होता आणि वर त्याचा भाऊ विचारत होता, आवाज येतोय का. मी नाही म्हटलं. ती माझ्या पाठीशी बसून होती, आणि तिनं तोंड उघडलं असतं तर माझं खोटं तिथल्या तिथं संपलं असतं.

"मग बोलली का न्हाईस?" मी विचारलं.

"बोलले आसते तर भावजी उतरलं आसतं. त्येंना कोण आडीवणार, तू?" तिनं पडलेलं धोतर उचलून झटकलं. "तुझ्या आयच्या पदरात तुमी चौघं. धाकलं तर अंगावर पीत हुतं. मी एकटी हुते. मला एकटीलाच काय ते सोसायचं हुतं."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं माझे हात धरून वर केले, जरा रागानंच. मग मी तिला ते विचारलं, जे गाव इतकी वर्षं विचारत होतं. भाऊ न्यायला आले तेव्हा का गेली नाहीस?

काकी म्हणाली, "मी तितं गप बसले ती ह्या घरासाटी. त्येला तितं सोडलं आणि मग घरबी सोडून गेले आसते, तर त्येला काय म्हणून सोडला हुता गं मी?"